गल्ल्यामागची पाटी आणि समोरचं गिऱ्हाईक

नागपूर–अमरावती महामार्गावरच्या हॉटेलांत गल्ल्यामागच्या भिंतीवर काय असतं ते न पाहताही सांगता येतं. शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर, तिला घातलेला कालचा हार, उधारीबद्दलची एखादी पाटी, आणि पुष्कळ ठिकाणी गांधीजींच्या चित्राखाली छापलेला एक उतारा. ग्राहक हा आपल्या दारी येणारा सगळ्यांत मोठा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा अर्थाचा. बँकेत आणि पोस्टातही हा उतारा टांगलेला असतो. काही पाट्यांवर खाली बारीक अक्षरात दक्षिण आफ्रिका, १८९० अशी नोंदही असते. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोचले १८९३ मध्ये. या मजकुराशी जवळजवळ जुळणारा लेखी पुरावा सापडतो तो १९४१ सालच्या अमेरिकेत, स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्रीविभागाच्या प्रमुखाच्या नावावर.

याच महामार्गावरच्या, अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. गांधीजींचं सेवाग्राम त्याच जिल्ह्यातलं. आपलं ताट आपण घासायचं, हा तिथल्या आश्रमाचा रिवाज. ज्या माणसाने मंत्र्या-संत्र्यांनाही ताट घासायला लावलं असतं, त्याच्याच तोंडी आपण गिऱ्हाइकाच्या थोरवीचं मोटारविक्याचं वाक्य घातलं आहे. आणि पाटीचा मजकूर असतो नोकरांसाठी, पण ती लावतात गिऱ्हाइकाला दिसेल अशी. वेटरला ती वाचायला सवड नसते. वाचतो तो खुर्चीवर बसलेला माणूस, आणि वाचून जरा जास्तच रेलून बसतो.

तिवसा हे तालुक्याचं गाव अमरावतीहून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग सहा, आता त्रेपन्न, गुजरातेतल्या हाजिऱ्याहून निघतो आणि याच पट्ट्यातून नागपूरकडे जातो. त्यामुळे इथल्या हॉटेलांना गावचं गिऱ्हाईक असतं तसं बाहेरचंही असतं. सकाळी तहसीलला कागद घेऊन आलेला शेतकरी, कॉलेजची पोरं, बाजारच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले लोक. दुपारी ट्रक, ट्रॅव्हल्स, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या. कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेचे लोक. आणि डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की दोन्ही बाजूंनी झेंड्यांच्या गाड्या आणि त्यांतून उतरणारे कार्यकर्ते, ज्यांच्यातल्या प्रत्येकाला आपण साहेबांच्या गाडीतून आलो हे वेटरला सांगायचं असतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला, ५ जून २०२५ला तो मुंबईच्या बाजूने पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, आणि मुंबईकडे सुसाट जाणाऱ्या गाड्यांना ती वाट मिळाली. त्या रस्त्यावर सुरुवातीला चहा प्यायलाही धड जागा नव्हती, म्हणून लोकांनी पेपरांत पत्रं लिहिली. जुन्या रस्त्यावर थांबायला जागा होतीच. थांबून कसं वागायचं, हा प्रश्न मात्र तिथेही जुनाच आहे.

या धंद्यात एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गावातल्या गिऱ्हाइकाला उद्या परत यायचं असतं, त्यामुळे दोन्हीकडून जिभेला लगाम असतो. हायवेचं गिऱ्हाईक पुन्हा येणार नसतं. हॉटेलवाल्याला ते माहीत असतं आणि गिऱ्हाइकालाही. म्हणून तिथे वागणं सुटतं. मला वाटतं, हायवेच्या हॉटेलात वाईट जेवण मिळाल्याच्या निम्म्या कहाण्यांचं मूळ मसाल्यात नसतं, या सुटलेल्या वागण्यात असतं.

आधी भट्टीकडे जाऊ, कारण गिऱ्हाइकाचा राग बहुतेक वेळा भट्टीचं गणित न कळल्याने येतो. सकाळच्या नाश्त्याच्या हॉटेलात राजा असतो कारागीर. आलूबोंडा, कचोरी, समोसा, मुंगवडा हे सगळं घाण्याने निघतं. एक घाणा म्हणजे कढईत एका वेळी मावेल तेवढा माल. तेल तापलेलं ठेवायला गॅस जळतो, माल गार झाला की विकत नाही, म्हणून आधीचा घाणा संपत आल्याशिवाय कारागीर पुढचा टाकत नाही. आता गिऱ्हाईक येतं आणि परातीतल्या आलूबोंड्याला बोट लावून विचारतं, ‘गरम आहे का?’ पोरगा काय सांगणार? ‘हो जी, आत्ताच काढला.’ हे उत्तर त्याला पाठ असतं. त्याऐवजी ज्याने विचारलं, ‘पुढचा घाणा कधी टाकून राह्यले?’ त्याला खरं उत्तर मिळतं. पाच मिनिटं थांबा म्हणतात, आणि थांबलेल्या माणसाला कढईतून थेट ताटलीत मिळतं. शब्दांचा फरक एवढासा. पण दुसऱ्या प्रश्नात कारागिराचं काम ठाऊक असल्याची खूण असते, आणि ज्याला आपलं काम कळतं त्याला खराब माल द्यायला कारागिरालाही लाज वाटते.

पोह्यांचं तसंच. विदर्भात पोह्यावर चण्याची तर्री घालतात आणि ती मागितली की आणखी मिळते, तिचे वेगळे पैसे बहुधा लागत नाहीत. ही या मुलखाची रीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण एक प्लेट पोहे आणि चार वेळा तर्री मागणारे महाभागही इथलेच. दहाच्या सुमाराला पातेलं तळाला लागतं. मग साडेदहाला आलेल्या माणसाला पांढरे पोहे मिळतात आणि तो मालकाला चोर म्हणतो. खरं तर त्याची तर्री त्याच्या आधी आलेल्या गिऱ्हाइकानेच नेलेली असते.

जेवणाच्या हॉटेलात गणित वेगळं. लाल, पिवळी, पांढरी अशा ग्रेव्ह्या सकाळीच करून ठेवतात. ऑर्डर आली की कढईत ग्रेव्ही, वरून भाजी, तडका. एका भाजीला आठ-दहा मिनिटं, पण भट्ट्या असतात दोन किंवा तीन. आठ जणांचा घोळका बसतो आणि आठ जण आठ भाज्या सांगतात, तेही एकाच वेळी, तेही निम्म्याने बदलत. ‘शेवभाजी... नाही थांब, वांग्याची आहे का? मग पनीर.’ शेवटची कढई उतरेपर्यंत पहिली भाजी गार झालेली असते. त्याऐवजी एकानेच तोंड उघडलं, तीन भाज्या ठरवल्या आणि ‘रोट्या चार-चार करून आणा’ एवढं सांगितलं, तर तेच हॉटेल, तोच आचारी, तेच दर, आणि जेवण दुप्पट चांगलं लागतं. तिखटाचंही आधीच सांगावं लागतं. वऱ्हाडी ग्रेव्हीत तिखट मुरलेलं असतं, ते ताटात आल्यावर काढता येत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे सोबत असले की हे सांगायची जबाबदारी यजमानाची. तंदुरी रोटी दहा मिनिटांत चामड्यासारखी होते, तेव्हा वीस रोट्या एकदम मागवून मग फोटो काढत बसणाऱ्यांनी आचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता वेटर. लहान गावच्या हॉटेलांत तो कागद वापरत नाही. पाच टेबलांची मागणी डोक्यात ठेवतो, आणि गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघालं की तिथूनच ओरडतो, ‘दोन आलूबोंडा, एक कचोरी, तीन चाय, निळ्या शर्टवाले!’ मालक आकडा लावतो. १९२७ मध्ये बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अर्धवट राहिलेली कामं माणसाला जास्त आठवतात असा निष्कर्ष प्रयोगांवरून काढला. त्याच्या उगमाशी एक कॅफेतली गोष्ट सांगतात. बिल चुकतं होईपर्यंत वेटरला सगळं आठवतं, पैसे मिळाले की तो विसरतो, हे त्यांच्या गुरूंच्या, कुर्ट लेविन यांच्या, लक्षात आलं होतं म्हणे. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी दिसला नाही, पण वेटरचं काम मुळात स्मरणाचं आहे, एवढं त्या गोष्टीतून नक्की कळतं.

आणि स्मरणाच्या कामाला सगळ्यांत मोठा अडथळा अपमानाचा. २०१५ साली ‘पीडिअॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात इस्राएलमधला एक प्रयोग छापून आला. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ चमूंना एका बनावट रुग्णावर उपचार करायला दिले. काही चमूंना मध्येच एका परदेशी ‘तज्ज्ञा’ने तुच्छतेचे शेरे ऐकवले, बाकीच्यांशी तो साधं बोलला. ज्यांना शेरे ऐकावे लागले त्यांचं निदानही घसरलं आणि हाताचं कामही. हे शिकले-सवरलेले डॉक्टर आणि नर्स. शेरेही शिवीगाळ नव्हते, नुसते खवचट होते. मग पंधरा तास उभ्या असलेल्या, मेळघाटातून किंवा बैतुलकडून किंवा थेट बिहारातून आलेल्या पोराला ‘ए, कान फुटले का बे?’ असं चार लोकांसमोर म्हटल्यावर त्याच्या डोक्यातली पाच टेबलं जागेवर राहतील कशी? लोक म्हणतात, ओरडल्याशिवाय इथे काही येत नाही. ओरडल्यावर येतं हे खरं. पण येतं ते ओरडणाऱ्याचंच येईल याची खात्री नसते, आणि शेजारच्या शांत टेबलाचं नक्की चुकतं.

उलट बाजूही लिहायला हवी, नाहीतर हा लेख हॉटेलमालक संघाने छापून घेतल्यासारखा वाटेल. शिळं वाढणारे, तेल काळं होईपर्यंत वापरणारे, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला फुकट जेवण देऊन त्याची वसुली प्रवाशांकडून करणारे मालक या रस्त्यावर नाहीत असं कोण म्हणेल? तिथे गप्प बसणं म्हणजे सौजन्य नव्हे. फक्त तक्रार कुठे करायची ते कळावं. भाजी आंबली तर त्यात वेटरचा हात नसतो. त्याला झापून भाजी बदलत नाही, आणि बदललीच तर तिचे पैसे त्याच्या पगारातून कापले जाण्याची भीती असते. ताट हातात घेऊन गल्ल्यावर जावं, चारचौघांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मालकाला दाखवावं. मालक वरमतो. नाही वरमला तर भिंतीवर अन्नसुरक्षेच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मात्र अर्धी भाजी संपवल्यावर ती आंबट असल्याचा साक्षात्कार होणारे लोकही मालकाला चांगले ओळखता येतात.

पाण्याच्या बाटलीवरून होणारी भांडणं मी आता लांबूनच ऐकतो. छापील किमतीपेक्षा जास्त का, असं विचारणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसतं की बसून खाण्याच्या हॉटेलांपुरता हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच हॉटेलांच्या बाजूने निकालात काढला आहे. तिथे नुसती बाटली विकत नाहीत, बसायची जागा आणि सेवाही देतात, असं कारण दिलं. सर्व्हिस चार्जचं नेमकं उलटं. बिलात तो आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, हॉटेलवाले कोर्टात गेले, स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तिवस्यात सर्व्हिस चार्ज हा प्रकारच नाही. बडीशेपेच्या ताटलीत दहाची नोट ठेवायची की नाही, एवढाच प्रश्न. ठेवावी. पण ती ठेवण्याआधी केलेला पाणउतारा त्या नोटेने भरून निघत नाही, आणि हे वेटरपेक्षा गिऱ्हाइकाला उशिरा कळतं.

एक बाब मात्र कितीही गोड बोललं तरी गोड होत नाही. टेबल पुसायला आलेला पोरगा जर खरंच पोरगा असेल तर? वर्षानुवर्षं चहाच्या टपरीपासून ढाब्यापर्यंत सगळा हिंदुस्थान ‘छोटू’ आणि ‘बारक्या’ यांच्यावर चालला. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल, ढाबा, चहाचं दुकान यांत कामाला ठेवायला बंदी झाली. २०१६च्या दुरुस्तीने ही बंदी जवळपास सगळ्याच कामांना लागू केली. तरी कप उचलणारे हात अजून कधी कधी फार लहान असतात. अशा पोराला प्रेमाने बिस्किटाचा पुडा देणं हे भलं गिऱ्हाईकपण नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक फिरवणं हे आहे. आणि वीस-बावीस वर्षांच्या, मिसरूड फुटून गेलेल्या माणसाला ‘छोटू’ म्हणणं हाही त्याच सवयीचा उरलेला भाग. ‘भाऊ’ म्हणायला काय लागतं? वऱ्हाडात अनोळखी माणसाला हाक मारायला ‘भाऊ’, ‘दादा’, ‘काका’, ‘बाप्पा’ असा खजिना पडलेला आहे. तो गल्ल्यावरच्या मालकापुरता राखून ठेवायचा का?

गिऱ्हाईक राजा असतो असं ज्यांना फार वाटतं त्यांच्यासाठी खऱ्या राजाची गोष्ट सांगतो. कोल्हापूरची. छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे महार समाजातले नोकर होते. वरच्या जातींसाठी राखलेल्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली, महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना पैसे देऊन स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभं राहिलं. गावात सर्वांत स्वच्छ, चहाही उत्तम, आणि गिऱ्हाईक नाही, कारण चहा देणारा हात कोणाचा ते गावाला ठाऊक होतं. तेव्हा महाराज गाडी घेऊन भर रस्त्यात हॉटेलसमोर थांबू लागले आणि मोठ्याने हाक मारून गंगारामाकडून चहा मागवू लागले. गाडीत सोबत असलेल्या मानकऱ्यांच्या हातातही कप जायचा. राजाने दिलेला कप नाकारायचा कसा? महाराजांचं निधन १९२२चं, म्हणजे या गोष्टीला शतक उलटून गेलं. राजा गिऱ्हाईक झाला की काय करू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण मला महाराष्ट्रात माहीत नाही. त्याने सूट मागितली नव्हती, टेबल राखून ठेवायला सांगितलं नव्हतं. आपल्या उभं राहण्याला बाजारात किंमत आहे हे ओळखून तो योग्य दारात उभा राहिला.

आपल्या अमरावती जिल्ह्याला अशी शिकवण परकी नाही. शेंडगावचे डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा, गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि गाव झाडून झालं की मग भाकर मागत. फुकटचं खायचं नाही, हा त्यांचा नेम. आणि तिवसा तालुक्यातच मोझरी आहे, तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये वसवलेला गुरुकुंज आश्रम आहे. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर तिथे पुण्यतिथी महोत्सव होतो. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. त्या वेळेला प्रचंड जनसमुदाय मौन धरून उभा राहतो. शेवटी गोपाळकाला आणि महाप्रसाद. तिथल्या पंगतीत बसलेला माणूस पाहावा. वाढपी येईपर्यंत थांबतो, मीठ राहिलं तर शेजाऱ्याकडून घेतो, वाढणाऱ्याला ‘पुरे दादा’ म्हणतो, पानात टाकत नाही. हाच माणूस परतीच्या वाटेवर हॉटेलात शिरतो, आणि दोन मिनिटांत चमच्याने टेबल वाजवू लागतो. पंगतीत वाढणारा आपल्यातलाच असतो, उद्या आपणही वाढायला उभे राहणार असतो, म्हणून तिथे जीभ आवरते. हॉटेलात पैसे मोजले की तो धागा तुटला असं आपण धरून चालतो. माझा सगळा आक्षेप या धरून चालण्याला आहे.

पंगतीची एक सवय मात्र हॉटेलात नेऊ नये, ती म्हणजे ताटात हात धुणं. घरी पितळी ताटात पाण्याची चूळ ओतून आजोबा उठायचे, ते ताट आजी घासायची. आजीला विचारलं कुणी नव्हतं. हॉटेलात मागच्या अंगणात ताटं घासणारी बाई उष्टं वेगळं काढते, ते गुराढोरांना जातं. पाणी ओतलेल्या ताटातलं काहीच वेगळं निघत नाही, सगळा लगदा नालीत. त्याहून वाईट खर्रा. विदर्भाच्या या लाडक्या व्यसनाची पन्नी आणि पिंक दोन्ही हात धुण्याच्या बेसिनमध्ये जातात, बेसिन तुंबतं, आणि ते मोकळं करायला तोच हात लागतो जो थोड्या वेळापूर्वी रोटी वाढत होता. मग बाहेर येऊन याच हॉटेलच्या अस्वच्छतेवर व्याख्यान.

वेळेबद्दल थोडं. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ तास काम आणि मध्ये विश्रांती ठरवली. पण तो कायदा झाला तेव्हाच दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना त्यातल्या बहुतेक तरतुदींबाहेर राहिल्या, आणि तालुक्याच्या गावातली बहुतेक हॉटेलं त्या कमीतलीच. तिथे विश्रांती ठरते गिऱ्हाइकाच्या ओघावर. दुपारचा जोर साडेतीनला ओसरतो आणि साडेतीन ते साडेचारच्या मध्ये केव्हातरी वेटर, आचारी, भांडेवाली बाई असे सगळे मागच्या बाजूला जेवायला बसतात. नेमक्या त्या वेळी गाडी थांबते, सहा जण उतरतात आणि रिकामं हॉटेल पाहून खूश होतात. कोणीतरी हात न धुता उठतोच, ‘या जी, बसा’ म्हणत. इथे ‘होऊ द्या तुमचं जेवण, आम्ही बसतो’ असं म्हणणारे फार नसतात. म्हणायला हरकत काही नाही, कारण दुपारी विझवलेला तंदूर पुन्हा तापून पहिली रोटी निघायला वीस मिनिटं तशीही लागतात.